जुन्या पाइप-तंबाखूवरचा पांढरा थर : बुरशी की स्फटिक?

पाइपमध्ये ओढायची तंबाखू वर्षानुवर्षे डब्यात मुरवत ठेवणाऱ्या वाचकांकडून एकाच विषयावर बरीच पत्रे आली आहेत, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : व्हर्जिनिया फ्लेकचा, म्हणजे दाबून काप केलेल्या व्हर्जिनिया तंबाखूचा, एक चौकोनी डबा मी सुमारे आठ वर्षे न उघडता ठेवला होता. नुकतेच झाकण काढले तेव्हा सगळ्या कापांवर बारीक पांढरे कण चमकताना दिसले. एका कोपऱ्यात, झाकणाच्या कडेखाली, राखाडी झाक असलेला लहानसा डागही दिसला. एका जाणकार स्नेह्यांचे म्हणणे असे की जुन्या तंबाखूवर साखरेचे स्फटिक येतातच. बोटाने पुसून पाहावे आणि कण निघाले तर काळजी करू नये. हे बरोबर आहे का? डबा वापरावा की टाकून द्यावा?

उत्तर : आपल्या स्नेह्यांचे पहिले म्हणणे खरे आहे, दुसरे नाही. दाबून कापलेल्या जुन्या व्हर्जिनियावर स्फटिक येतात, पण बोटाने पुसून निघणे ही काही त्यांची खूण नव्हे. कोवळी बुरशीही बोट हलकेच फिरवले तरी नाहीशी होते, कारण पानाच्या वर उभे राहिलेले तिचे तंतू अतिशय नाजूक असतात. पुसले जाते ते एवढेच. पानात शिरलेला भाग जागच्या जागी राहतो. शिवाय जो पुरावा डोळ्यांनी पाहून निर्णय करायचा तोच पुसण्याने नष्ट होतो, आणि बुरशी असलीच तर तिचे बीजाणू बोटावरून बाकीच्या कापांवर जातात. म्हणून निर्णय होईपर्यंत तंबाखूला हात लावू नये.

आपल्या वर्णनात मुळात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्या कापांवर सारखे पसरलेले चमकदार कण ही एक, आणि कोपऱ्यातला राखाडी डाग ही दुसरी. एका डब्यात दोन्ही एकाच वेळी असू शकतात, आणि कणांचा उलगडा झाला म्हणून डागाचाही झाला असे मानून चालणार नाही.

आधी स्फटिकांविषयी. व्हर्जिनियाची पाने बंद कोठीत गरम हवेवर वाळवतात. या प्रक्रियेच्या सुरुवातीला पानातल्या स्टार्चची साखर होते, आणि नंतर पान झपाट्याने वाळवल्यामुळे ती साखर पानातच अडकून राहते. कोरड्या वजनाच्या १० ते २५ टक्के साखर अशा पानात आढळते. याउलट बर्ली या दुसऱ्या प्रकारच्या तंबाखूची पाने सावलीत, मोकळ्या हवेवर, कित्येक आठवडे सावकाश वाळतात. तेवढ्या काळात पानाच्या श्वसनातच साखर खर्ची पडते आणि शेवटी नावापुरती उरते. साखरेखेरीज तंबाखूच्या पानात मॅलिक व सायट्रिक ही आम्ले असतात, तसेच पोटॅशियम व कॅल्शियमचे क्षारही असतात. पाने दाबून वडी करताना हा रस पृष्ठभागाजवळ येतो. पुढे डब्यातले थोडे पाणी फटीतून निघून जाते किंवा तापमानाच्या चढउतारात आतल्या आत जागा बदलते, रस दाट होत जातो, आणि त्यात जे विरघळून राहू शकत नाही ते स्फटिक होऊन बाहेर पडते. बरणीतल्या मधाला कालांतराने साखर धरते, त्यातलाच हा प्रकार आहे. प्रत्येक डब्यातले स्फटिक एकाच पदार्थाचे असतात असे मात्र नाही, आणि ही गोष्ट पुढे पाण्याच्या चाचणीत महत्त्वाची ठरते.

यातून एक व्यवहारी अनुमान निघते. जुन्या व्हर्जिनिया फ्लेकवर चमकदार कण दिसले तर स्फटिकांची शक्यता आधी धरायला हरकत नाही. साखरेचा पाक न लावलेल्या नुसत्या बर्लीवर पांढरा थर दिसला तर मी आधी बुरशीचाच संशय घेईन.

आता बुरशी. तिला वाढायला पाणी लागते आणि प्राणवायूही लागतो. पदार्थात एकूण पाणी किती आहे यापेक्षा सूक्ष्मजीवांना त्यातले किती उपलब्ध होते हे महत्त्वाचे असते, हा विचार ऑस्ट्रेलियाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विल्यम जेम्स स्कॉट यांनी १९५० च्या दशकात पुढे आणला. हे उपलब्ध पाणी ० ते १ या पट्टीवर मोजतात. बहुतेक बुरशींना ०.८० च्या पुढचे माप लागते, कोरडेपणा सोसणाऱ्या काही ॲस्परजिलस जातींचे ०.७० च्या जरा वरही भागते, आणि ०.६० च्या खाली कोणतीच बुरशी वाढत नाही. बंद बरणीतल्या हवेची आर्द्रता मोजली की हेच माप टक्क्यांत हाती येते : आर्द्रता ६५ टक्के असेल तर माप ०.६५ असते. प्राणवायूची गोष्ट याहून सोपी आहे. हवा काढून बंद केलेल्या डब्यात तो मुळातच थोडा असतो, आणि उरतो तोही पानातल्या मंद क्रियांत हळूहळू खर्च होतो. म्हणूनच झाकण खरोखर घट्ट राहिले असेल तर कितीही जुन्या डब्यात बुरशी सहसा मिळत नाही; ती येते झाकण सैल झाल्यावर किंवा डबा उघडल्यानंतरच्या आठवड्यांत.

या कारणाने मी भिंग हातात घेण्याआधी डब्याचा इतिहास विचारतो. झाकण काढताना हवा आत शिरल्याचा आवाज आला होता का? कडेला आतून गंज आहे का? तंबाखू अपेक्षेपेक्षा कोरडी लागते का? आपला डबा चौकोनी आहे, आणि चौकोनी डब्यांचे कोपरे गोल डब्यांच्या कडेइतके भरवशाने बंद राहत नाहीत, हे अनेकांच्या अनुभवाचे आहे. डाग नेमका कोपऱ्यात आणि झाकणाखालीच आहे, म्हणजे जिथून हवा येऊ शकते आणि जिथे धातूवर दव धरून थेंब खाली पडू शकतो अशाच ठिकाणी आहे. हे लक्षण मला चांगले वाटत नाही.

त्यानंतर प्रत्यक्ष पाहणी. खोलीत अंधार करावा, एक काप चिमट्याने उचलून काळ्या कागदावर ठेवावा, आणि टॉर्च वरून न धरता कापाच्या पातळीत जवळजवळ आडवी धरावी. मग कागद सावकाश फिरवावा. स्फटिक असतील तर कण एकामागून एक लखलखतात आणि विझतात, कारण त्यांच्या सपाट बाजू एका ठरावीक कोनातच प्रकाश परत फेकतात. बुरशी कोणत्याही कोनातून एकसारखी मंद दिसते, आणि आडव्या प्रकाशात तिची लव पानाच्या कडेवर उभी राहिलेली जाणवते. १० पट मोठे दाखवणारे, जवाहिऱ्याकडे असते तसले भिंग याला पुरते. ३० पटीचे असेल तर शंकेला फारशी जागा राहत नाही. त्यातून पाहताना स्फटिकाला कड असते : कुठे सुईसारखे बारीक दांडे, कुठे चपटे तुकडे, कुठे पानाच्या शिरेलगत चिकटलेले काचेचे चुरे वाटावेत असे कण. बुरशीला कड नसते. तिथे एकमेकांत गुंतलेले धागे दिसतात, ते एका कापावरून शेजारच्या कापावर गेलेले असतात, आणि वाढ जुनी असेल तर धाग्यांच्या टोकांना टाचणीच्या माथ्यासारखी बारीक बोंडे आलेली असतात. ही बोंडे दिसली की पुढच्या कोणत्याही चाचणीची गरज उरत नाही.

चमकण्यावर मात्र पूर्ण भिस्त ठेवू नये. पेनिसिलियमसारख्या काही बुरशी जोमाने वाढत असताना आपल्या अंगावर द्रवाचे बारीक थेंब सोडतात, आणि ते थेंब टॉर्चच्या उजेडात चमकतात. भिंगातून पाहिले की ते गोल दिसतात, आणि स्फटिक गोल नसतो.

रंगाचे लवकर आटोपते. हिरवा, निळसर, काळा किंवा करडा रंग दिसला तर ती बहुधा बुरशी समजावी. पांढऱ्या रंगावरून काहीच ठरत नाही, कारण बीजाणू धरण्यापूर्वी बहुतेक बुरशी पांढऱ्याच असतात. कणांच्या मांडणीचा उपयोग त्याहून जास्त होतो. स्फटिक बहुधा सगळ्या कापांवर, आतल्या कापांच्या मधल्या पृष्ठभागांवरही, विखुरलेले असतात. बुरशी एका ठिकाणी सुरू होऊन गोलाकार पसरते, आणि दबलेल्या आतल्या भागापेक्षा हवेशी संबंध येणाऱ्या वरच्या थरात आधी येते.

राहिली पाण्याची चाचणी. ती उपयोगी आहे, पण बहुतेक जण ती चुकीच्या जागी करतात. पानावरच थेंब टाकला तर स्फटिक विरघळतो हे खरे, पण बुरशीचे उभे तंतूही भिजून पानाला चिकटतात आणि नजरेआड होतात, त्यामुळे दोन्ही बाबतीत पांढरेपणा गेल्यासारखाच वाटतो. थेंब काचेवर घ्यावा, सुईच्या टोकाने पांढरा कण त्यात सोडावा आणि भिंगातून पाहत राहावे. कण कडेने गोलसर होत लहान झाला आणि मागे काही न ठेवता गेला तर तो साखरेचा किंवा विरघळणाऱ्या क्षाराचा होता. बुरशी अशी जात नाही. बुरशीचा झुबका पाण्यावर तरंगतो किंवा ओला होऊन तसाच राहतो. पण कण विरघळला नाही एवढ्यावरून तो बुरशीचा आहे असे ठरत नाही, कारण कॅल्शियम ऑक्झलेटसारखे काही क्षार पाण्यात विरघळतच नाहीत. अशा वेळी निर्णय पुन्हा भिंगातल्या आकारावरच करावा लागतो.

एवढे करूनही शंका राहिली तर थांबावे. संशयित काप वेगळ्या स्वच्छ बरणीत बंद करून ठेवावेत, त्यांचे जवळून छायाचित्र घ्यावे, आणि दोन आठवड्यांनी त्याच प्रकाशात पुन्हा घ्यावे. इतक्या अवधीत स्फटिकांत डोळ्यांना जाणवेल असा फरक पडत नाही, तर ओलावा पुरेसा असलेली बुरशी ठळकपणे वाढते. वाढ दिसली नाही आणि तंबाखू अगदी कोरडी असेल, तर मात्र ती सुकून थांबलेली जुनी बुरशीही असू शकते, हे ध्यानात ठेवावे.

मला या सगळ्यात चाचण्यांच्या मर्यादेपेक्षा पाहणाऱ्याच्या इच्छेची धास्ती अधिक वाटते. इतकी वर्षे जपलेला डबा वाया गेला हे कोणाला मान्य करायचे नसते, आणि स्फटिक म्हणजे उत्तम मुरल्याची पावती असा समज असल्यामुळे पांढरे दिसले की त्याला स्फटिक म्हणण्याकडे मन झुकते. सिगारवरच्या अशाच मानाच्या थराचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर बुरशी निघाल्याची उदाहरणे आहेत. पाइपच्या तंबाखूवर खरे स्फटिक येतात, पण ते आले म्हणून तंबाखू चांगली मुरली असे होत नाही. त्यांच्यावरून फक्त रस दाट झाल्याचे कळते.

आपल्या डब्यापुरते सांगायचे तर कण बहुधा स्फटिकच आहेत, आणि निर्णय कोपऱ्यातल्या डागावर आहे. त्यात भिंगाखाली धागे दिसले तर कापांवरचे स्फटिक कितीही खरे असले तरी सबंध डबा टाकून द्यावा.

प्रश्न : बरणीच्या वरच्या थरावर बुरशी आहे हे नक्की झाले आहे, पण खालची तंबाखू स्वच्छ दिसते. वरचा थर काढून उरलेली ओव्हनमध्ये वाळवली तर चालेल का? नाहीतरी ती जळणारच आहे.

उत्तर : चालणार नाही, आणि जळण्याचा युक्तिवाद तर मुळीच टिकत नाही. पाइपमध्ये निखारा वरच्या थरात असतो आणि धूर खालच्या न जळलेल्या तंबाखूतून ओढला जाऊन तोंडात येतो. त्या थंड तंबाखूतले बीजाणू धुराबरोबर येऊ शकतात. ॲस्परजिलसच्या काही जाती अफ्लाटॉक्सिनसारखी विषे तयार करतात, आणि ती विषे ओव्हनच्या मंद आचेवर नष्ट होत नाहीत. वाळवण्याने बुरशीची वाढ थांबते, पण तिने आधी जे निर्माण केले ते तसेच राहते. डोळ्यांना स्वच्छ वाटणाऱ्या थरातही तंतू पोहोचलेले असतात, कारण लव दिसू लागते तोवर बुरशीचा बराचसा पसारा पानाच्या आत झालेला असतो.

दमा असणाऱ्यांनी, फुप्फुसांचा जुना विकार असणाऱ्यांनी आणि ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने वा औषधांनी कमी झाली आहे त्यांनी अशी बरणी हुंगूनही पाहू नये. ॲस्परजिलसचा फुप्फुसांतला संसर्ग अशा व्यक्तींच्या जिवावर बेतू शकतो. इतरांनीही नाक बरणीत घालून दीर्घ श्वास घेऊ नये. हाताने हवा नाकाकडे वळवून जेवढा वास येईल तेवढा पुरे. तंबाखूच्या धुराचे स्वतःचे अपाय स्फटिक असोत वा नसोत आहेतच, ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

तंबाखू पिशवीत घट्ट बांधून टाकावी. बरणी साबणाने व गरम पाण्याने धुऊन १० मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवावी आणि पूर्ण कोरडी करावी. झाकणाची रबरी कड मात्र नवी घ्यावी, कारण तिच्या खाचा नीट स्वच्छ होत नाहीत. त्याच फडताळातल्या बाकीच्या बरण्या बंद असतील तर त्यांना धोका नाही. त्या तंबाखूने पाइप भरला गेला असेल तर तो तीव्र अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या क्लीनरने साफ करून काही दिवस उघडा वाळू द्यावा.

प्रश्न : डबा उघडताच आंबट, व्हिनेगरसारखा वास आला. पांढरे काहीही दिसत नाही. तंबाखू नासली आहे का?

उत्तर : बहुधा नाही. बंद डब्यात मुरलेल्या व्हर्जिनियाला आंबटगोड वास येतो, आणि त्यात ॲसेटिक आम्लाचा म्हणजे व्हिनेगरचा अंश जाणवणे नेहमीचे आहे. मिश्रणात पेरिक असेल तर आंबूस, फळे आंबल्यासारखा वास अपेक्षितच असतो. लुइझियानातल्या सेंट जेम्स परगण्यात तयार होणारी ही तंबाखू पिंपांत जबर दाबाखाली कित्येक महिने तिच्याच रसात आंबवली जाते. डबा काही तास उघडा ठेवला की तीव्र आंबटपणा उडून जातो.

बुरशीचा वास कुबट असतो. ओल धरलेल्या तळघरात किंवा भिजून बंद राहिलेल्या पुस्तकांत येतो तो हा वास, आणि हवा लागली तरी तो उडत नाही. तरीही वास नाही म्हणून बुरशी नाही असे मी कधीच म्हणणार नाही, कारण लटाकिया या धुरावर वाळवलेल्या तंबाखूचा धुरकट दर्प इतका तीव्र असतो की त्याखाली कुबटपणा सहज लपतो. सुगंधी तंबाखूतल्या व्हॅनिलाचे किंवा चेरीचेही तसेच आहे.

प्रश्न : बुरशी अतिनील प्रकाशात चमकते असे वाचले. त्यासाठी मिळणारी टॉर्च घ्यावी का?

उत्तर : घेऊ नये. तंबाखूच्या पानातच स्कोपोलेटिन नावाचे द्रव्य असते आणि ते अतिनील प्रकाशात निळसर चमकते. म्हणजे स्वच्छ पानही चमकेल, आणि सगळ्याच बुरशी चमकतात असेही नाही. तेवढ्या खर्चात चांगले भिंग येते.

प्रश्न : एक डबा फुगला आहे, झाकण वर आले आहे. आत बुरशी असेल का?

उत्तर : फुगणे म्हणजे आत वायू साठला आहे आणि तो बाहेर निघालेला नाही, म्हणजेच झाकण घट्ट आहे. हा वायू बहुधा आंबण्यातून येतो, आणि जिथून वायू बाहेर येत नाही तिथून प्राणवायूही आत जात नाही. फुगलेल्या डब्यापेक्षा कडेला गंजलेला पण चपटा राहिलेला डबा मला अधिक संशयास्पद वाटतो. उघडताना झाकण चेहऱ्यापासून दूर धरावे आणि मग वर सांगितल्याप्रमाणे पाहणी करावी.

प्रश्न : बुरशी येऊच नये म्हणून तंबाखू किती ओली ठेवावी? कोरडी झाली की मी बरणीत सफरचंदाची फोड ठेवतो. बोटांनी दाबून ओलावा ओळखता येतो का?

उत्तर : सफरचंदाची फोड, बटाट्याची साल, पावाचा तुकडा हे जुने उपाय आजच बंद करावेत. एक तर ओलावा किती जाणार यावर काही ताबा राहत नाही. दुसरे म्हणजे फळाच्या सालीवर बीजाणू आधीच असतात, आणि ती फोड स्वतःच बरणीतली सर्वांत ओली, गोड जागा असल्याने बुरशी तिच्यावर रुजून मग तंबाखूकडे सरकते. बरण्यांत आढळणाऱ्या बुरशीचे मूळ शोधत गेले की पुष्कळदा अशी एखादी फोड किंवा ओल्या बोटांनी घेतलेली चिमूट निघते.

पाइपच्या तंबाखूत वजनाच्या साधारण १२ ते १६ टक्के ओलावा असला की ती ओढायला आणि ठेवायला दोन्हीला ठीक असते. घरी हे वजन करून पाहण्यापेक्षा लहानसा आर्द्रतामापक बरणीत बंद करून एक दिवस ठेवणे सोपे. काटा ६० ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान थांबला तर निश्चिंत राहावे. ७० च्या पुढे गेला तर तंबाखू ताटात पसरून तासभर वाळवावी आणि पुन्हा मोजावे. तंबाखू फार कोरडी झालेली असेल तर ती उघड्या भांड्यात घालून त्यावर, तंबाखूला न टेकता, डिस्टिल्ड पाण्याने भिजवून पिळलेले कापड काही तास ताणून ठेवावे. वेळ लागतो, पण कुठेही थेंब पडत नाही. बुरशी पुष्कळदा अशा एखाद्या थेंबापासून सुरू होते, कारण बरणीचा सरासरी ओलावा कमी असला तरी थेंब पडलेल्या जागी तो पुरेसा असतो.

बोटांचा अंदाज साध्या, पाक न लावलेल्या तंबाखूपुरता चालतो : चिमूट दाबून सोडल्यावर ती सावकाश उलगडली तर ठीक, गोळा होऊन राहिली तर जास्त ओली, कुरकुरली तर कोरडी. सुगंधी तंबाखूच्या बाबतीत मात्र बोटे फसवतात. तिच्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल घातलेले असते; ते पाणी धरून ठेवते, त्यामुळे तंबाखू हाताला ओलसर लागते, पण ते धरून ठेवलेले पाणी बुरशीला सहज मिळत नाही, आणि ग्लायकॉल स्वतःही बुरशीला मारक आहे. हाताला कोरडी वाटणारी साधी फ्लेक आणि हाताला चिकट लागणारी सुगंधी कॅव्हेंडिश यांत बुरशीचा धोका नेमका पहिलीला अधिक असू शकतो.

बरणी काचेची आणि रबरी कडेच्या झाकणाची असावी. जॉन लँडिस मेसन यांनी १८५८ मध्ये पेटंट घेतलेल्या, आट्यांवर फिरवून झाकण बसवायच्या बरणीच्या धर्तीवरच्या बरण्या या कामासाठी पाइप ओढणाऱ्यांत सर्वाधिक वापरल्या जातात. ती गळ्यापर्यंत भरावी म्हणजे आत हवा कमी राहते. मोठी एकच बरणी उघडत-झाकत राहण्यापेक्षा लहान बरण्या केलेल्या बऱ्या. जागा अंधारी असावी, आणि थंड असण्यापेक्षा एकसारख्या तापमानाची असावी. दिवसा तापणाऱ्या आणि रात्री गार होणाऱ्या फडताळात झाकणाच्या आतून दव धरते, आणि तो थेंब खाली पडायला वेळ लागत नाही.

प्रश्न : माझ्या सुट्या तंबाखूत पांढरे धागे आहेत, पण ते चिवट आहेत आणि ओढले की तंबाखूचे तुकडे त्यांना लटकून येतात. शिवाय पानांना बारीक भोके पडली आहेत. ही कोणती बुरशी?

उत्तर : ही बुरशी नाही. बुरशीचा धागा तुकडा उचलण्याइतका चिवट नसतो. लटकून येणारे धागे तंबाखूच्या पतंगाच्या अळीने विणलेल्या रेशमाचे असतात. गोल, टाचणीने टोचल्यासारखी भोके आणि त्यांच्याजवळ तपकिरी भुकटी असेल तर ते काम तंबाखूच्या भुंगेऱ्याचे. तो दोन-तीन मिलिमीटर लांबीचा, तांबूस रंगाचा असतो आणि साठवलेल्या तंबाखूत त्याचा उपद्रव अधिक आढळतो. भुंगेरा एका बरणीतून दुसरीत जाऊ शकतो आणि पातळ प्लास्टिकची पिशवी कुरतडून बाहेर पडतो, म्हणून शेजारचा साठाही त्याच दिवशी तपासावा. कीड लागलेली तंबाखू टाकावी. शेजारची, वरवर निर्दोष दिसणारी तंबाखू घट्ट बंद करून उणे १८ ते उणे २० अंश सेल्सिअसला आठवडाभर ठेवावी म्हणजे अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला पूर्ण आल्याशिवाय झाकण उघडू नये. नाहीतर गार पानांवर हवेतले पाणी धरेल, आणि कीड जाऊन तिच्या जागी बुरशी येईल.